निरोधन रोखल्याने चेतापेशींतील कॅल्शियम संकेतनावर होणारा परिणाम

प्रौढ मेंदूत चेतापेशींचे निरोधन, म्हणजे त्यांच्या उत्तेजनाला घातलेला आवर, मुख्यत्वे गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल, म्हणजेच गाबा, हा चेतापारेषक (पेशींदरम्यान संदेश नेणारा रेणू) करतो. तो गाबा-ए ग्राहीला (पेशीपटलावरील, गाबा ओळखणाऱ्या प्रथिनाला) जोडला गेला की क्लोराइड आयनांचा मार्ग खुला होतो आणि पेशीचे विभव (पटलावरील विद्युतदाब) उत्तेजनाच्या उंबरठ्याखाली राहते. बायक्युक्युलीन आणि गाबाझीन ही द्रव्ये ग्राहीवरील गाबाची जागा अडवतात, तर पिक्रोटॉक्सिन क्लोराइडचा मार्गच बंद करते.

विश्रांत पेशीत मुक्त कॅल्शियमचे प्रमाण सुमारे 50 ते 100 नॅनोमोलर, तर पेशीबाहेर 1 ते 2 मिलिमोलर असते. दहा हजार पटींहून मोठ्या या तफावतीमुळे कॅल्शियमचे मार्ग क्षणभर उघडले तरी पेशीच्या आत ठळक संकेत उमटतो. निरोधन थांबवणारी द्रव्ये हे मार्ग स्वतः उघडत नाहीत. त्यांच्यामुळे उत्तेजक पेशींचे जाळे मोकळे होते आणि हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातील, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी एकाच वेळी आवेगांच्या (विद्युत-संदेशांच्या) झुंडी सोडू लागतात. त्यातून स्रवलेले ग्लुटामेट हे उत्तेजक चेतापारेषक त्याच्या एनएमडीए नावाच्या ग्राहींना जोडले जाते, विभव वाढल्याने त्या ग्राहींतील मॅग्नेशियमचा अडसर दूर होतो आणि कॅल्शियम आत शिरते. विभव-संवेदी एल-प्रकारच्या मार्गांतूनही त्यात भर पडते. फ्लुओ-4 किंवा जीकॅम्पसारख्या, कॅल्शियम वाढताच उजळणाऱ्या दर्शकांनी पाहिल्यास अनेक पेशींत एकाच तालावर उठणाऱ्या लाटा दिसतात. टेट्रोडोटॉक्सिन या सोडियमचे मार्ग अडवणाऱ्या विषाने आवेग बंद करताच या लाटा शमतात, आणि परिणामाचे मूळ जाळ्याच्या क्रियेत आहे याचा हाच सर्वांत स्पष्ट पुरावा होय. मात्र बायक्युक्युलीनचे काही क्षार कॅल्शियम-नियंत्रित पोटॅशियम मार्गही अडवतात, म्हणून निष्कर्ष गाबाझीन किंवा पिक्रोटॉक्सिनने पडताळणे इष्ट ठरते.

कॅल्शियम किती वाढले यापेक्षा ते कोठून आले हे अधिक महत्त्वाचे आहे. सायनॅप्समधील (दोन चेतापेशींच्या जोडणीतील) एनएमडीए ग्राहींद्वारे सुरू झालेला संकेत केंद्रकापर्यंत पोहोचून क्रेब हे जनुके चालू करणारे प्रथिन सक्रिय करतो व बीडीएनएफसारख्या, पेशी टिकवून धरणाऱ्या घटकांची निर्मिती वाढवतो. सायनॅप्सबाहेरील ग्राही उत्तेजित झाल्यास मात्र क्रेबचे कार्य मंदावते आणि पेशीमृत्यूकडे कल होतो. संपूर्ण मेंदूत निरोधन कोसळले तर अपस्माराचे झटके येतात.

अपरिपक्व पेशींत चित्र वेगळे असते. तेथे केसीसी2 हा क्लोराइड बाहेर काढणारा वाहक कमी आणि क्लोराइड आत आणणारा एनकेसीसी1 प्रभावी असल्याने गाबा स्वतःच पेशीला उत्तेजित करू शकतो. म्हणून नवजात उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या कापांत गाबा-ए ग्राही अडवल्यास कॅल्शियमचे काही उत्स्फूर्त, एकत्रित चढउतार वाढण्याऐवजी थांबतात.