सांगलीत ‘हळद’ या शब्दाचे वजन किती?

सावित्रीबाई फुले जयंती आणि आठ मार्च या दोन दिवशी सातारा-सांगलीकडच्या शाळा-महाविद्यालयांत ‘संगणकक्षेत्रातील स्त्रिया’ या विषयावरची भित्तिपत्रके हमखास लागतात. त्यांत एडा लव्हलेस असतात, ग्रेस हॉपर असतात, अलीकडे अपोलो मोहिमेच्या संगणक-आज्ञावलीशी नाव जोडल्या गेलेल्या मार्गारेट हॅमिल्टनही असतात. त्यांच्या असण्याबद्दल तक्रार नाही. परंतु ही पत्रके वाचून निघणाऱ्याचा समज असा होतो की स्त्रियांचे काम आरंभीच्या काळापुरते होते आणि आजच्या मोबाइलमध्ये जे काही चालते ते नंतरच्या बड्या कंपन्यांतील तरुणांनी घडवले. भित्तिपत्रकासाठी माहिती शोधताना एखादी विद्यार्थिनी जे तीन-चार शब्द टाइप करते, त्यांपैकी कोणत्या शब्दाला किती महत्त्व द्यायचे हे ठरवण्याची मूळ रीत एका स्त्रीने १९७२ साली मांडली, आणि तिचे नाव मात्र या पत्रकांवर मला आजवर दिसलेले नाही. कॅरन स्पार्क जोन्स हे ते नाव.

१९३५ साली इंग्लंडमधील हडर्सफील्ड येथे जन्मलेल्या स्पार्क जोन्स १९५३ मध्ये केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात दाखल झाल्या. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पदवीचा पूर्ण अधिकार १९४८ साली दिला होता, म्हणजे नायगावच्या सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींसाठी शाळा सुरू केल्यानंतर तब्बल शंभर वर्षांनी. स्पार्क जोन्स शिकल्या ते इतिहास आणि तत्त्वज्ञान. काही काळ शाळेत शिकवून त्या मार्गारेट मास्टरमन यांच्या भाषासंशोधन गटात आल्या आणि यंत्राला शब्दांचे अर्थ कसे हाताळता येतील या प्रश्नात कायमच्या गुंतल्या.

त्यांचा प्रश्न मुळात ग्रंथालयाचा होता. जुन्या पद्धतीच्या वाचनालयात तालिकेची पत्रे लिहिणाऱ्या ग्रंथपालबाईंना हे चांगले ठाऊक असते की शेतीच्या कपाटातील प्रत्येक पुस्तकाच्या पत्रावर ‘शेती’ एवढेच विषयशीर्षक लिहिले, तर ते पत्र लिहिले काय आणि न लिहिले काय, सारखेच. शीर्षक जितके नेमके, तितके पुस्तक लवकर हाती येते. पण नेमकेपणा ठरवायचा कसा? शब्दाच्या अर्थावरून, असे तोवर धरले जात होते. ‘शेतमाल’ हा व्यापक शब्द, ‘हळद’ हा नेमका शब्द. स्पार्क जोन्स यांनी सुचवले की नेमकेपणा शब्दाच्या अर्थात शोधू नये, तो शब्द संग्रहातील किती लेखांत आला आहे हे मोजावे. जितक्या कमी लेखांत, तितका तो नेमका.

माझ्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत देखणी गोष्ट हीच आहे, म्हणून ती आकडे घेऊन पाहू. समजा, सांगलीतील एका संग्रहात शेतीविषयक १०२४ लेख आहेत. हळद साठवण्याच्या हरिपूरच्या जमिनीखालील पेवांपासून मार्केट यार्डातील सौद्यांपर्यंत हळद येथे सर्वत्र असल्यामुळे ‘हळद’ हा शब्द त्यांपैकी ५१२ लेखांत आढळतो. ‘शेतमाल’ ६४ लेखांत, ‘उपाय’ २५६ लेखांत आणि ‘कंदकूज’ (जमिनीतला कंद कुजवणारा रोग) केवळ ४ लेखांत आढळतो. ‘आहे’ हा शब्द अर्थातच सर्व लेखांत आहे. आता एकूण लेखांच्या संख्येला तो शब्द असलेल्या लेखांच्या संख्येने भागावे आणि उत्तराचा २ या पायाचा लॉग घ्यावा. म्हणजे २ चा कितवा घात केल्यावर ते उत्तर येते हे पाहावे. तो आकडा म्हणजे त्या शब्दाचे वजन. ‘आहे’साठी भागाकार १, म्हणून वजन ०. ‘हळद’साठी भागाकार २, वजन १. ‘उपाय’साठी भागाकार ४, वजन २. ‘शेतमाल’साठी भागाकार १६ म्हणजे २ चा चौथा घात, वजन ४. ‘कंदकूज’साठी भागाकार २५६, वजन ८. अर्थाने नेमका असलेला ‘हळद’ हा शब्द व्यापक ‘शेतमाल’पेक्षा हलका ठरला! हाच हिशेब रत्नागिरीतील आंब्या-काजूवरच्या लेखसंग्रहात केला, तर तेथे ‘हळद’ चांगलीच जड होईल. शब्दाला स्वतःचे असे वजन नाही. ते भोवतालच्या लेखांमुळे येते.

लॉगच का घ्यावा, असे कोणी विचारील. निव्वळ भागाकार घेतला तर ‘कंदकूज’ हा ‘हळद’पेक्षा १२८ पट जड होऊन बाकीच्या शब्दांना अर्थच उरणार नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. यदृच्छेने उचललेल्या लेखात ‘हळद’ असण्याची शक्यता १/२ आणि ‘कंदकूज’ असण्याची १/२५६. दोन्ही शब्द एकमेकांपासून स्वतंत्रपणे येतात असे मानले, तर एकाच लेखात दोन्ही असण्याची शक्यता या दोहोंचा गुणाकार, म्हणजे १/५१२. शक्यतांचा गुणाकार होतो तेथे लॉगची बेरीज होते: १ अधिक ८ बरोबर ९, आणि २ चा नववा घात ५१२. म्हणून शब्दांच्या वजनांची सरळ बेरीज करता येते. प्रत्यक्षात शब्द स्वतंत्र नसतात, ‘कंदकूज’ असेल तेथे ‘हळद’ किंवा ‘आले’ बहुधा असतेच. तरीही ही कच्ची धारणा व्यवहारात आश्चर्यकारक रीतीने टिकते.

आता ‘हळद कंदकूज उपाय’ असा शोध घ्या. तिन्ही शब्द एकेकदा असलेल्या लेखाला १, ८ आणि २ मिळून ११ गुण मिळतात. साताऱ्याकडच्या आल्याच्या कंदकुजीवरील लेखात ‘हळद’ नाही, तरी त्याला १० गुण आहेत आणि त्याचा शेतकऱ्याला उपयोगही होऊ शकतो. हळदीच्या बाजारभावाच्या लेखाला मात्र अवघे १. एखादा शब्द लेखात जितक्या वेळा येतो तितक्या पटीने त्याचे वजन मोजावे, ही आयबीएमच्या हान्स पीटर लून यांची १९५७ मधील कल्पना येथे जोडली की चित्र बदलते. बाजारभावाच्या लेखात ‘हळद’ बारा वेळा असेल, तर त्याला १२ गुण मिळून तो सर्वांच्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणून पुनरावृत्तीचा लाभ हळूहळू कमी होत जावा अशी सुधारणा करावी लागली. स्टीफन रॉबर्टसन आणि स्पार्क जोन्स यांनी १९७६ साली या वजनांना संभाव्यतेचा पाया दिला होता. त्यावर रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘बीएम २५’ हे सूत्र रचले. आजही अनेक शोधयंत्रणांत ते वापरले जाते, आणि संग्रहातून मजकूर शोधून उत्तर रचणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बऱ्याच प्रणालींतही पहिली चाळणी तेच लावते.

भाषा आणि संगणक यांचा विषय निघाला की ‘संगणकासाठी संस्कृत ही सर्वोत्तम भाषा आहे, असे नासाने सिद्ध केले’ हे हमखास ऐकू येते. हा संदेश अजूनही घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो. त्याचे मूळ रिक ब्रिग्ज या संशोधकाने १९८५ साली एका नियतकालिकात लिहिलेल्या लेखात आहे. संस्कृत व्याकरणपरंपरेतील वाक्यविश्लेषण आणि ज्ञानाची मांडणी यांतील साम्य त्यात दाखवले होते. नासाने संस्कृत स्वीकारल्याचा निर्णय वगैरे त्यात काही नव्हते. आणि लेखांच्या संख्येचा जो हिशेब आपण वर केला, तो कोणत्याही भाषेला पवित्र मानत नाही.

इतके काम करणाऱ्या स्पार्क जोन्स यांची नोकरी मात्र बराच काळ कच्चीच होती. वर्षानुवर्षे त्या मुदतीच्या संशोधन-अनुदानांवर केंब्रिजमध्ये काम करत राहिल्या, आणि प्राध्यापकपद त्यांना १९९९ साली, साठी उलटल्यावर मिळाले. संगणनशास्त्र इतके महत्त्वाचे आहे की ते पुरुषांवर सोडून चालणार नाही, असे त्या म्हणत. वालचंद महाविद्यालयातून किंवा कराडहून अभियंता होऊन पुण्याला गेलेल्या, लग्न-बाळंतपणानंतर परत येऊन कंत्राटावर शिकवणाऱ्या मुलींना या मुदतीच्या नोकरीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. अशा नोकरीतून मूलभूत संशोधन झाले याचा गौरव करताना ती व्यवस्था चांगली होती असे सुचवले जाऊ नये. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

मराठीसाठी या सूत्रात एक अडचण शिल्लक राहते. यंत्राच्या दृष्टीने ‘हळद’, ‘हळदीला’, ‘हळदीवरच्या’ आणि ‘हळदीचासुद्धा’ हे चार निरनिराळे शब्द आहेत. १०२४ लेखांपैकी ‘हळदीवरच्या’ हे रूप दोनच लेखांत आले, तर त्याचे वजन ९ होते, म्हणजे ‘कंदकूज’पेक्षाही जास्त, आणि शोध भलतीकडे जातो. ‘कंदकुज’ असे ऱ्हस्व लिहिले तरी तेच. टंकलेखनातील चूक ही दुर्मीळ असल्यामुळे सूत्र तिला मोलाची समजते. यावर उपाय म्हणजे मोजणीपूर्वी प्रत्यय सोडवून शब्द मूळ रूपाकडे नेणे. ‘हळदीला’मधून ‘ला’ काढून भागत नाही, उरलेल्या ‘हळदी’वरून ‘हळद’कडे यावे लागते, आणि ‘नदीला’मधून उरलेली ‘नदी’ मात्र तशीच राहू द्यावी लागते. शाळेत रटाळ वाटलेले सामान्यरूपाचे नियम आज्ञावलीत उतरवणे हे संगणक आणि मराठी दोन्ही येणाऱ्या विद्यार्थिनीसाठी अंतिम वर्षाच्या प्रकल्पाजोगे काम आहे, आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.