इंग्रजी कागद कुठल्या देशात जाणार, ते आधी सांगा

अर्ज, बायोडेटा, शिफारसपत्र आमच्याकडे तपासायला देताना बरेचजण विचारतात, ब्रिटिश इंग्रजी बरोबर की अमेरिकन? दोन्ही बरोबर आहेत. एका कागदात मात्र एकच चालवायचं. वर ‘कलर’मध्ये यू आणि खाली ‘लेबर’मधून तो गायब, हे वाचणाऱ्याला लगेच खटकतं.

आपल्याकडे शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात आणि संगणक बहुधा अमेरिकन सेटिंगवर असतो. सरमिसळ होते ती तिथेच. शब्दाखाली लाल रेघ आली की तो खोडायची घाई करू नका. आधी वर्डमध्ये तपासणीची भाषा कुठली लावली आहे ते बघा.

झेड दिसला की अमेरिकन, हाही समज सोडून द्या. ‘ऑर्गनाइझ’ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेससुद्धा झेडनेच लिहिते. ‘अ‍ॅनलाइझ’ला मात्र ब्रिटनमध्ये एसच लागतो, ऑक्सफर्डमध्येही.

स्पेलिंगपेक्षा आम्हाला जास्त धास्ती तारखांची वाटते. ०४/०७/२०२५ म्हणजे लंडनमध्ये ४ जुलै, न्यूयॉर्कमध्ये ७ एप्रिल. स्पेलिंग चुकलं तर वाचणारा समजून घेतो; तारीख उलटी वाचली गेली तर मुदतच हुकते. म्हणून आम्ही महिना नेहमी अक्षरी लिहितो, तुम्हीही लिहा. अमेरिकेत कागद छापला जाणार असेल तर पानाचा आकार ‘लेटर’ ठेवा. आपला ए-फोर त्याच्यापेक्षा सुमारे १८ मिलिमीटर उंच असतो, त्यामुळे खालची ओळ कापली जाऊ शकते.

‘पास्ड आउट इन २०१९’ हे आपल्याकडे सर्रास लिहितात. बाहेर त्याचा अर्थ शुद्ध हरपली असा घेतात. तिथे आम्ही ‘ग्रॅज्युएटेड’ घालतो.

नावांना मात्र आम्ही हात लावत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या बायोडेटातही वरळीच्या नेहरू सेंटरच्या शेवटी ‘आर-ई’च राहील. तुमची एच.एस.सी. आम्ही ‘हायस्कूल डिप्लोमा’ करणार नाही, कारण मार्कशीटवर जे छापलंय तेच अर्जात असायला हवं.

कागद कॅनडाला जाणार असेल तर तसं ठळक लिहून पाठवा. तिथे ‘कलर’ला ब्रिटिशांसारखा यू लागतो, ‘ऑर्गनाइझ’ला झेड, आणि गाडीचा ‘टायर’ अमेरिकेसारखा आयने लिहितात.