विषाणूला मवाळ व्हायची घाई नसते

‘कोरोना आता साध्या सर्दीवर आला’ हे परभणीच्या बसस्टँडपासून लातूरच्या बाजारापर्यंत कुठंही ऐकू येतं. पाठोपाठ एक सिद्धान्तही येतो: रोगी मेला तर विषाणूचंच नुकसान, म्हणून प्रत्येक साथ आपोआप मवाळ होत जाते. पटतं खरं. पण मग २०२१ च्या एप्रिलचं काय करायचं? मराठवाड्याचा तो महिना खाट, ऑक्सिजन आणि रेमडेसिविरच्या मागं धावण्यात गेला. वुहानच्या मूळ विषाणूपेक्षा त्याचा बदललेला प्रकार अल्फा जड निघाला होता आणि पुढचा प्रकार डेल्टा त्याच्याही वरचढ. इंग्लंडमध्ये डेल्टाच्या रुग्णांना दवाखान्यात भरती करावं लागण्याची शक्यता अल्फाच्या जवळपास दुप्पट आढळली.

कोविड पसरतो तो मुख्यतः लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पुढचे काही दिवस. मृत्यू आलाच, तर बहुधा दोन-तीन आठवड्यांनी. तोवर विषाणू शेजारच्या घरात गेलेला असतो. मागं राहिलेला रोगी जगला की मेला, यानं त्याचं फारसं बिघडत नाही. जो प्रकार जास्त पसरतो तो टिकतो. मारकपणा त्यासोबत कधी वाढतो, कधी घटतो.

कापूस लावणाऱ्यांना हे लवकर कळेल. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यातली बोंडं पोखरली, ती बीटी कपाशीतलं अळीनाशक विष पचवायला शिकली म्हणून. कमी खादाड झाली म्हणून नव्हे!

डेल्टानंतर आलेल्या ओमायक्रॉन या प्रकाराचंही तसंच. विषाणू ज्यानं पेशीला चिकटतो त्या काटेरी प्रथिनात तीसहून जास्त बदल होते, त्यामुळं जुन्या प्रतिपिंडांना (विषाणूला ओळखून अडवणाऱ्या शरीरातल्या प्रथिनांना) तो नीट ओळखूच येईना. शिवाय तो श्वासनलिकांमध्ये झपाट्यानं वाढायचा, फुप्फुसांच्या खोल भागात मात्र कमी. न्यूमोनिया घटला तो काही अंशी यामुळं. विषाणूला आपली दया आली नव्हती.

उरलेलं श्रेय आपल्या शरीरांचं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२१ च्या जून-जुलैमधल्या पाहणीत देशातल्या सुमारे ६७ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं सापडली होती, काहींची लसीमुळं, पुष्कळांची दुसऱ्या लाटेतून. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा त्याची गाठ कोऱ्या शरीरांशी पडली नाही.

हाँगकाँगमध्ये नेमकी ती पडली. दोन वर्षं विषाणू वेशीबाहेर ठेवलेला, ऐंशी ओलांडलेल्यांपैकी बहुतेकांनी लस घेतलेली नाही. मार्च २०२२ मध्ये याच ‘सौम्य’ ओमायक्रॉननं तिथला लोकसंख्येमागचा मृत्युदर जगातल्या सर्वांत वरच्या दरांमध्ये नेऊन ठेवला. त्याच शहरात लसीचे तीन डोस घेतलेल्या वृद्धांमध्ये मात्र मृत्यू फार कमी झाले.