फिलाडेल्फियातले पडीक प्लॉट आणि गोळीबार

1950 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची वस्ती 20 लाखांच्या वर होती. 2000 पर्यंत ती 15 लाखांवर आली. कारखाने बंद पडले, माणसं निघून गेली, ओस घरं पाडली गेली. एकमेकांना चिकटून उभ्या घरांच्या रांगांत हजारो प्लॉट रिकामे राहिले. तिथं टायर, राडारोडा आणि कमरेइतकं गवत. त्या गवतात बंदुका लपवल्या जात: अंगावर बाळगली तर झडतीत सापडते, गवतात ठेवली तर हवी तेव्हा उचलता येते.

उपाय काढला तो पेनसिल्व्हेनिया हॉर्टिकल्चरल सोसायटीनं. एरवी ही 1827 सालची संस्था फुलांच्या प्रदर्शनासाठी ओळखली जाते. कामाची पद्धत ठरलेली: कचरा आणि राडारोडा उचलायचा, जमीन सपाट करायची, गवताचं बी पाण्यात कालवून फवारायचं, मोजकी झाडं लावायची आणि भोवती लाकडी कुंपण घालायचं. कुंपण मुद्दामच बुटकं. कचऱ्याची गाडी आत शिरत नाही, पण माणसाला वाट राहते आणि रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं. उंच जाळी मारली असती तर आडोसाच झाला असता.

नुसत्या कौतुकावर भागणार नव्हतं, म्हणून साथरोगतज्ज्ञ चार्ल्स ब्रानस आणि सहकाऱ्यांनी 541 प्लॉट घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटात पूर्ण हिरवळ, दुसऱ्यात फक्त सफाई आणि गवतकापणी, तिसरा जसाच्या तसा. 2018 साली निष्कर्ष आले: दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत सुधारलेल्या प्लॉटांभोवती बंदुकीची हिंसा 29 टक्क्यांनी, घरफोड्या जवळपास 22 टक्क्यांनी घटल्या. शेजाऱ्यांचं घराबाहेर बसणं-बोलणं 76 टक्क्यांनी वाढलं.

आम्हाला जास्त मोलाचं वाटतं ते याच प्रयोगाचं, फक्त गरीब नव्हे तर सगळ्या वस्त्या धरून केलेलं 2019 चं विश्लेषण. गोळीबाराच्या घटना हिरवळीच्या गटात 6.8 टक्क्यांनी कमी झाल्या, तर नुसत्या सफाईच्या गटात 9.2 टक्क्यांनी. शेजारच्या भागात गुन्हे सरकल्याचंही आढळलं नाही. म्हणजे झाडांपेक्षा राबता आणि निगा महत्त्वाची.

प्रयोगाच्या वेळी खर्च प्लॉटमागे सुरुवातीला सुमारे 1,600 डॉलर, नंतर वर्षाला 180 होता. गाडी अडते ती या 180 पाशी. प्रयोगात दर महिन्याला माणूस जाऊन गवत कापत असे. उन्हाळ्यातल्या दोन फेऱ्या चुकल्या तरी गवत गुडघ्याला लागतं, आणि मग पहिला टायर येऊन पडतो.