कळ थांबली, पण पाऊल उचलेना

नागपुरात कळमन्याच्या बाजारात पोती वाहणारा हमाल असो की हिंगण्याच्या एमआयडीसीत रोज दुचाकीने जाणारा कामगार, कंबर धरली की मलम, पट्टा आणि औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी हा उपाय ठरलेला असतो. बहुतेकांचे त्यावर निभावतेही, कारण मणक्यांमधली चकती सरकल्याने पायात उतरणारी सायटिकाची कळ बहुतांश रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेविना ६ ते १२ आठवड्यांत ओसरते. काळजी करायची ती ३ महिन्यांनंतरही न हटणाऱ्या दुखण्याची, आणि माझ्या मते त्याहून अधिक, पायात अशक्तपणा ठेवून गेलेल्या दुखण्याची.

चकतीचा मऊ गाभा बाहेर येऊन नसेच्या मुळावर दाब आला की तिथे सूज येते आणि मुळाचा रक्तपुरवठा घटतो. आधी बिघडते ते नसेतल्या तंतूंवरचे मायलिन नावाचे चरबीयुक्त आवरण, आणि दाब वेळीच हटला तर ते पुन्हा तयार होते. दाब तसाच राहिला तर आतला तंतूच मरू लागतो. मेलेला तंतू वेदनेचा संदेश नेत नाही, त्यामुळे कळ कमी होते आणि घरच्यांना हायसे वाटते. पण त्याच सुमारास चालताना पायातली चप्पल नकळत निसटते, अंगठा वर उचलत नाही, पायरीला पाऊल अडखळते. भिंतीचा आधार घेऊन टाचांवर चार पावले चालून पाहावे. एका बाजूचा चवडा खाली पडत असेल, तर बहुधा कंबरेच्या पाचव्या मणक्याच्या नसेला इजा झालेली असते.

ही इजा भरून यायला लागणारा काळ ध्यानात घेतला, तर ‘अजून थोडे दिवस बघू’ किती महागात पडू शकते ते कळते. मेलेला तंतू पुन्हा वाढलाच तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, आणि कंबरेपासून पावलापर्यंतचे अंतर जवळपास १ मीटर असते. मधल्या काळात नसेविना राहिलेला स्नायू सुकत जातो आणि दीड-दोन वर्षांनी त्याच्या जागी चरबी व तंतुमय ऊती भरलेली असते.

दीर्घकाळ चाललेली वेदना मज्जारज्जूलाही बदलते. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की इजेनंतर मज्जारज्जूतील पेशी स्वतःच अतिसंवेदनशील होतात. मग साधा स्पर्शही दुखू लागतो.

गोळ्या घेत दिवस ढकलणेही महागात पडू शकते. अनेक वेदनाशामके रोज घेतल्याने जठरात व्रण होऊ शकतात, आणि नागपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात शरीरातले पाणी आटलेले असताना त्याच गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. पाठदुखीसोबत बारीक ताप, रात्रीचा घाम आणि वजनात घट असेल तर मणक्याचा क्षयरोग आहे का ते आधी तपासावे. तोवर पाठ रगडून घेणे किंवा ‘नस बसवणे’ कटाक्षाने टाळावे.

मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नसांचा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा लोंबतो. चकतीचा मोठा भाग बाहेर येऊन त्यावर दाब आला तर दोन्ही पाय लुळे पडू लागतात, सायकलच्या सीटवर टेकणारा भाग बधिर होतो आणि लघवी अडते. अशा रुग्णाला सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) किंवा एम्सच्या तातडीच्या विभागात न्यावे, कारण दाब ४८ तासांच्या आत, किंबहुना जितक्या लवकर, काढला जाईल तितकी लघवी-शौचावरचा ताबा परत मिळण्याची शक्यता अधिक असते.