फिल्मचा दाणा किती बिटचा?

फिल्म म्हणजे नक्की किती मेगापिक्सेल, यावर फोटोवाल्यांची भांडणं काही संपत नाहीत. तसा हिशोब सोपाय. ३५ मिमी फिल्मची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची, त्यावर एका मिलिमीटरमधे काळ्या-पांढऱ्या रेघांच्या ८० जोड्या सुट्ट्या दिसल्या तर जोडीला किमान दोन पिक्सेल धरून ५७६० बाय ३८४०, म्हणजे २२ मेगापिक्सेल झाले. आता हात जरासा हलला किंवा फोकस हुकला आणि ५०च जोड्या दिसल्या की तोच आकडा धाडकन साडेआठवर!

पण खरी मजा रंगछटांमधे आहे. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर सिल्व्हर हॅलाइडचे बारीक स्फटिक असतात, त्यावर पुरेसा प्रकाश पडला की फिल्म धुताना डेव्हलपर नावाच्या रसायनात त्याची काळी चांदी होते, नाही पडला तर तो फिक्सर नावाच्या दुसऱ्या रसायनात विरघळून जातो, अधलंमधलं जवळपास काही नाहीच. म्हणजे ज्याला आपण कौतुकाने अॅनालॉग म्हणतो तो दाणा एकाच बिटचा, म्हणजे नुसता हो किंवा नाही, निघाला की! राखाडी छटा दिसते ती दाण्यांच्या गर्दीमुळे, म्हणून छटा नीट मोजायची तर मोठा तुकडा बघावा लागतो आणि मग बारकावे जातात. फिल्ममधे रेझोल्यूशन (किती बारकावे दिसतात) आणि कलर डेप्थ (किती छटा वेगळ्या कळतात) एकाच खिशातून खर्च होतात.

डिजिटलमधे प्रत्येक पिक्सेल स्वतःच मोजतो, १४ बिट रॉ मधे, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधे, १६,३८४ पायऱ्या. जेपेगमधे मात्र एका रंगाला २५६च, तिन्ही मिळून १.६७ कोटी रंग. ऐकायला भरपूर वाटतं, पण संध्याकाळच्या आकाशाचा जेपेग घेऊन कॉन्ट्रास्ट ताणून बघा, पट्टे पट्टे दिसतात. फिल्मवर दाणे वेडेवाकडे पसरलेले असल्याने पट्ट्याला सरळ कडाच मिळत नाही, म्हणून तर एडिटिंगवाले डिजिटल फोटोत मुद्दाम थोडा नॉइज, म्हणजे दाणेदार खरखर, टाकतात. (आणि हो, २४ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या बायर सेन्सरमधे एक पिक्सेल एकच रंग मोजतो, १२ मेगापिक्सेल हिरवे, ६ लाल, ६ निळे, प्रत्येकाचे बाकीचे रंग शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरलेले. कलर फिल्ममधे तिन्ही थर एकावर एक असतात.)

मी एक जुनी निगेटिव्ह ४००० डीपीआयला (इंचाला ४००० ठिपके) स्कॅन केली, २१ मेगापिक्सेलची फाइल झाली, म्हटलं आता पापण्या मोजू. शंभर टक्के झूम केलं तर तिथे नुसता रवा सांडलेला.