वर्क परमिट म्हणजे सायमॉप्स नव्हे

भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. आठवडाभर साठलेली मेन्टेनन्सची कामं मग एकाच दिवशी एकाच शेडखाली येतात: फॅब्रिकेटर, इलेक्ट्रिकल ठेकेदार, पेंटर, हायड्रा क्रेन. सकाळी सगळ्यांच्या परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीवर, सह्या होतात आणि सायमॉप्सही, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा मेळ घालणंही, उरकलं असं धरून चालतात. ते उरकलेलं नसतं.

परमिट एकाच कामापुरतं पाहतं: हे काम, या जागी, या वेळेत कसं करायचं. हे चालू असताना शेजारचं चालू द्यायचं का, हे सायमॉप्समध्ये ठरतं.

पेंट शॉप घ्या. खाली पिटमध्ये (खड्ड्यात) टोल्युइन या ज्वालाग्राही सॉल्व्हंटने साफसफाई चालू आहे. परमिटची अट अशी की एक्झॉस्ट ब्लोअर चालू हवा. सहा मीटर वर ट्रसवर (छताच्या सांगाड्यावर) ग्राइंडिंग आहे. तिथे गॅस मीटर लावला, एलईएल शून्य, म्हणजे पेट घेणारी वाफ नाही. तिसरा ठेकेदार केबल बदलतोय. त्याने रीतसर फीडर (वीज पुरवणारी लाइन) बंद करून कुलूप आणि टॅग लावला. तिन्ही परमिटं बिनचूक, पण ब्लोअर त्याच फीडरवर. टोल्युइनची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड, ती पिटमध्येच साचते आणि वरचा मीटर शून्यच दाखवत राहतो. हवेत तिचं प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास गेलं की ग्राइंडरची एक ठिणगी पुरते.

६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेल-प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. तिथेही परमिटं होती: एक पंपाच्या देखभालीचं, दुसरं त्याच पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढल्याचं. दोन्ही वेगळ्या जागी ठेवलेली. रात्री जोडीचा पंप बंद पडला, तेव्हा व्हॉल्व्हचं परमिट कुणाच्या नजरेस आलं नाही आणि हा पंप सुरू केला गेला. व्हॉल्व्हच्या जागेतून गळती होऊन स्फोट झाला.

म्हणून सायमॉप्सची बैठक आदल्या दिवशी दुपारी घ्यावी, सकाळी गेटवर नव्हे. लेआउटवर प्रत्येक काम मांडा, उंचीसकट. नुसत्या जमिनीच्या नकाशावर वर-खालची कामं एकमेकांपासून लपतात. कोणतं काम कोणता फीडर, एअर लाइन किंवा फायर हायड्रंट बंद करणार आहे, तेही त्यावर लिहा. मग कामांच्या प्रत्येक जोडीपुढे तीनच उत्तरं: चालेल, अटीवर, नाही. सगळीकडे ‘अटीवर’ लिहिलेला तक्ता कुणीतरी कंटाळून भरलेला असतो. अट मोजता यायला हवी: ‘काळजी घ्यावी’ नको, ‘ब्लोअर थांबला की ग्राइंडिंग लगेच बंद’ हवं. परमिटांवर एकमेकांचे नंबर टाका.

वेळ धरतानाही गफलत होते. वेल्डिंग पाचला थांबलं तरी फायर वॉचर (आगीवर नजर ठेवणारा माणूस) आणखी अर्धा तास, शक्यतो पूर्ण तास तिथेच हवा. तोवर ते काम चालूच समजायचं. पेंटरला सव्वापाचला आत सोडू नये.

काम थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा आणि तो कुठल्याही ठेकेदाराचा नसावा. थांबलेलं काम जुन्या सहीवर पुन्हा सुरू होत नाही. गॅस टेस्ट नव्याने घ्यायची, आणि मीटर पिटच्या तळापर्यंत उतरवायचा.